आधार घेणे हा पराभव आहे काय?



लिहिणाऱ्या माणसाला चुकलेली ओळ खोडता येते. कीर्तनकाराला ती सोय नाही. नारदाच्या गादीवरून गेलेला शब्द श्रोत्याच्या घरी जातो, आणि तिथे तो काय करतो हे आपल्याला बहुधा कळत नाही. माझा एक शब्द असाच एका घरी गेला. त्याने तिथे काय केले हे मला सात महिन्यांनी कळले. ते वाचक माउलींपुढे कबूल करावे आणि त्यातून जो प्रश्न उभा राहिला त्याचा यथामती विचार करावा, म्हणून हा लेख.

काही वर्षांपूर्वी आमच्या पंचक्रोशीत एका गावी अखंड हरिनाम सप्ताह होता. सहाव्या रात्री माझी सेवा होती. कूर्मदासाची कथा मी घेतली होती. पैठणचा कूर्मदास, हात नाहीत, पाय नाहीत, कीर्तनात पंढरीचा महिमा कानी पडला आणि पोटावर सरपटत वारीला निघाला. ही कथा मी चाळीस वर्षे सांगत आलो. कुठे थांबायचे, कुठे आवाज खाली आणायचा, कुठे पखवाज बोलू द्यायचा, सगळे ठरलेले. त्या रात्री भरात येऊन मी म्हणालो, "त्याला हातपाय नव्हते, तो निघाला. तुम्हाला देवाने दोन पाय दिले, तरी तुमचे गुडघ्याचे निमित्त, कमरेचे निमित्त, काठीचे निमित्त! निश्चय असेल तर काठी लागत नाही." टाळकऱ्यांनी विठ्ठलनामाचा गजर केला. मलाही माझे वाक्य आवडले.

बायकांच्या बाजूला खांबाशी टेकून माझ्या जुन्या पखवाजवादक मित्राची मुलगी बसली होती. वय छत्तीस. प्राथमिक शाळेत शिक्षिका. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस नावाचा विकार आहे, हे मला ऐकून माहीत होते. पण तो काय असतो हे मी कधी विचारले नव्हते. महिनाभरापूर्वीच तिने काठी घ्यायला सुरुवात केली होती. दुसऱ्या दिवशी काल्याच्या कीर्तनाला ती काठी घरी ठेवून आली. देवळाच्या दुसऱ्या पायरीला उजव्या पायाचे बोट अडकले, ती पडली आणि डाव्या मनगटाचे हाड मोडले. ज्या हातात काठी धरायची तोच हात. प्लास्टर निघेपर्यंत तिला काठीही धरता येईना.

सात महिन्यांनी मी मित्राला भेटायला गेलो तेव्हा बोलता बोलता हे निघाले. माझा चेहरा उतरलेला पाहून ती म्हणाली, "काका, दोष सगळा तुमचा नाही. काठी टाकायला मी निमित्तच शोधत होते. तुम्ही ते दिलंत."

हे ऐकल्यावर मी तिला काही उत्तर देऊ शकलो नाही. निमित्तावर मी इतके बोललो होतो, आणि निमित्त मीच झालो होतो.

त्यानंतर मी विचारायला लागलो. आधी रोग समजून घेतला. तो थोडक्यात सांगतो, कारण तो समजल्याशिवाय पुढचा प्रश्न नीट कळणार नाही.

विजेच्या तारेवर जसे रबरी आवरण असते, तसे आपल्या मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवर मायेलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. त्यामुळे मेंदूचा निरोप पायापर्यंत झटकन पोचतो. शरीराची रोगप्रतिकारशक्ती बाहेरच्या जंतूंशी लढायची ती या विकारात याच आवरणावर उलटते. घरचा राखणदारच घर फोडू लागतो असे म्हणा. आवरण जिथे जिथे झिजते तिथे वण राहतात, आणि निरोप रेंगाळतो किंवा अडतो. पॅरिसमधल्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को नावाच्या वैद्याने 1868 साली या विकाराचे पद्धतशीर वर्णन केले. हा बहुधा वीस ते चाळीस या ऐन उमेदीच्या वयात सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होतो. पुष्कळांना तो झटक्यांनी येतो. झटका येतो, ओसरतो, पुन्हा येतो. झटके कमी करणारी औषधे आता आहेत, पण रोग मुळापासून नाहीसा करणारे औषध अजून नाही.

यात दोन गोष्टी अशा आहेत की ज्या बाहेरून दिसत नाहीत, आणि त्यांच्यावरच लोकांचे सगळे बोलणे चालते. पहिली गोष्ट थकवा. हा कष्टाने येणारा आणि झोपेने जाणारा थकवा नव्हे. निरोप पोचवण्यातच शरीराची शक्ती खर्च होते. दुसरी गोष्ट उष्णता. अंग तापले की झिजलेल्या तंतूंमधून निरोप आणखी मंदावतो आणि सकाळी चालणारा पाय दुपारी उचलत नाही. थंडावा मिळाला की पुन्हा पूर्वस्थितीवर येतो. आपल्याकडचा चैत्र-वैशाख डोळ्यांपुढे आणा म्हणजे या माणसांचे काय होत असेल ते ध्यानात येईल.

परिणाम असा होतो, की हीच मुलगी सकाळी शाळेत काठीशिवाय फळ्यापर्यंत जाते आणि दुपारी तिला दोन माणसांचा हात लागतो. गाव म्हणते, "सकाळी तर चालत होती!" म्हणजे सकाळचे चालणे हाच दुपारच्या विरुद्ध साक्षीदार. सज्जनहो, ज्याचे दुखणे सदासर्वकाळ दिसते त्याच्यावर आपण दया तरी करतो. ज्याचे कधी दिसते कधी दिसत नाही, त्याच्यावर आपण संशय घेतो. आणि त्या संशयाच्या भीतीने तो माणूस दुपारचे साधन सकाळी लपवतो आणि मग दुपारीही वापरत नाही.

आता साधनांकडे येतो. मला वाटे काठी म्हणजे काठी, बाजारातून आणायची आणि टेकायची. तसे नाही. हात सैल सोडून सरळ उभे राहिले असता मनगटाची घडी जिथे येते तितकीच मूठ उंच हवी. काठी अशक्त पायाच्या बाजूला धरायची नसते, विरुद्ध हातात धरायची असते, आणि काठी व अशक्त पाय एकाच वेळी पुढे टाकायचे असतात. पायऱ्या चढताना बळकट पाय आधी, उतरताना काठी आणि अशक्त पाय आधी. बुडाचे रबर झिजले की ते बदलायचे, नाही तर ओल्या फरशीवर काठीच घात करते. मी स्वतः गुडघ्यासाठी चार वर्षे काठी चुकीच्या हातात धरत होतो हे मला त्या मुलीने दाखवले.

काहींचे पाऊल चालताना खाली लोंबते आणि बोटे जमिनीला अडकतात. तिचेही तेच होत होते. त्यांच्यासाठी पोटरीमागून तळव्याखाली येणारी हलकी प्लॅस्टिकची पट्टी असते, ती बुटात बसते आणि पाऊल वर धरून ठेवते. काहींना चार चाकांचा वॉकर लागतो. त्याला सायकलसारखे ब्रेक असतात आणि दमल्यावर बसायला पाटही असतो. बिनचाकी वॉकर दर पावलाला उचलावा लागतो, आणि ज्याची शक्तीच मोजकी आहे त्याला ते उचलणेच जड जाते. त्यापुढे चाकाची खुर्ची. तीही माणसाच्या मापाची लागते. रुग्णालयाच्या व्हरांड्यातली खुर्ची कुणाला तरी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ढकलण्यासाठी असते. दिवस काढण्यासाठी नसते. बैठक रुंद असेल तर पाठ वाकडी होते, उशी नीट नसेल तर त्वचेवर जखमा होतात, आणि ज्याची संवेदना कमी झाली आहे त्याला त्या वेळेवर कळतही नाहीत. म्हणून हे सगळे जाणत्या डॉक्टरच्या आणि फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने घ्यायचे. आपण वारीला निघताना टाळाची जोडी नाद ऐकून घेतो, मग पायाची जोडी डोळे मिटून का घ्यावी?

मी तिला विचारले, "इतके सगळे असताना तू काठी टाकायला निमित्त का शोधत होतीस?"

तिने जे सांगितले ते मला नवीन होते. या विकाराची मजल मोजायला डॉक्टरांकडे शून्य ते दहा अशी एक मोजपट्टी असते. अमेरिकेतल्या कर्ट्झके नावाच्या डॉक्टरांची ती 1983 सालची. शून्य म्हणजे काही दोष नाही, दहा म्हणजे या विकाराने मृत्यू. शंभर मीटर चालायला एका काठीचा आधार लागू लागला की आकडा सहा होतो. ती म्हणाली, "काका, काठी घेतली नाही तर मी सहा होणार नाही असं मला वाटायचं. खुळेपणाच आहे. पण रात्री झोप येत नाही तेव्हा माणूस असाच हिशेब करतो."

हा खुळेपणा नाही. आपण सगळेच हे करतो. नाव घेतले नाही तर वस्तू येणार नाही असे आपल्याला वाटते. मरणाचे नाव घरात काढू देत नाही ते याचसाठी. पण तो आकडा रोग कुठवर आला हे टिपण्यासाठी आहे. माणूस कुठवर आला हे तो सांगत नाही. ती वर्गात मुलांना कशी शिकवते, घरी म्हाताऱ्या वडिलांचे काय करते, हे त्या पट्टीवर कुठेच नाही. काठी घेतल्याने पाय अधिक दुबळा होत नाही. जो दुबळा झाला आहे त्याची ती फक्त कबुली आहे.

आता मूळ प्रश्न. आधार घेणे हा पराभव आहे काय?

जे "होय" म्हणतात त्यांचे म्हणणे मी आधी प्रामाणिकपणे मांडतो, कारण चाळीस वर्षे ते माझेही म्हणणे होते. ते म्हणतात, देह जसा वळवावा तसा वळतो. आज काठी दिली की उद्या तिची सवय लागते, परवा खुर्ची लागते. पायाला चालवले नाही तर तो बसतो. म्हणून शक्य तितके स्वतःच्या बळावर चालावे, यातच पुरुषार्थ आहे.

यात सत्याचा अंश आहे. व्यायाम या विकारातही लागतो, डॉक्टरच तो सांगतात. पण इथे एक गफलत आहे आणि ती आपल्या परंपरेच्या भाषेत अगदी सोपी आहे. साधन आणि साध्य यांची गल्लत. चालणे हे साधन आहे. साध्य काय? कुणाचे शाळेत पोचणे, कुणाचे देवळात पोचणे, कुणाचे चुलीपाशी पोचून भाकरी टाकणे. शास्त्रात शाखाचंद्रन्याय सांगतात. द्वितीयेची चंद्रकोर दाखवायची तर आधी झाडाची फांदी दाखवावी, मग फांदीच्या टोकाला चंद्र. एकदा चंद्र दिसला की फांदी वाकडी की सरळ याची चर्चा कोण करतो? त्या मुलीने घरापासून शाळेपर्यंत काठीशिवाय चालून दाखवावे आणि तिथे पोचल्यावर शिकवायला अंगात त्राण उरू नये, यात कोणता पुरुषार्थ झाला? फांदी सरळ राखण्याच्या नादात चंद्र मावळून गेला.

दुसरे म्हणणे परावलंबनाचे. "दुसऱ्याच्या आधाराने जगणे बरे नव्हे." हे वाक्य मी पुष्कळदा ऐकले आणि बोललो. पण माझ्याच सेवेकडे पाहिले तर काय दिसते? माझ्या मागे टाळकरी उभे राहिले म्हणून मी दोन दोन तास उभा राहू शकलो. दम लागला की गायकाने चाल धरली, ध्रुपद टाळकऱ्यांनी उचलले, तेवढ्यात मी श्वास घेतला. श्रोत्यांना वाटे महाराज रंगले. महाराज दम खात होते! सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवायची नाही असा दंडक, पण म्हणून एकच माणूस सात दिवस ती धरून उभा राहत नाही. पहारे लागतात. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. वीणा दुसऱ्याकडे दिली म्हणून पहिला हरला असे कुणी म्हणत नाही. दिवे घाट चढताना माउलींच्या रथालाही जादा बैलजोड्या जुंपतात. चढ आला, जोड्या वाढवल्या. उतार आला, सोडल्या. काठी सकाळी कोपऱ्यात आणि दुपारी हातात, हे नाटक असेल तर दिवे घाटातल्या बैलजोड्यांनाही नाटकच म्हणावे लागेल.

आणखी वर जाऊन पाहू. पंढरीत देव कशावर उभा आहे? विटेवर. पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता, त्याला उठता येत नव्हते, म्हणून हाताशी होती ती वीट त्याने मागे सारली. देव म्हणाला नाही, की मी त्रैलोक्याचा स्वामी, मला उभे राहायला वीट कशाला? भक्ताने दिलेला आधार त्याने पायाखाली घेतला आणि आजही सोडलेला नाही. जिथे देवाने आधार घेतला तिथे आधाराला हीन म्हणणारे आपण कोण?

इथे मला एका गोष्टीची भीती वाटते, ती लिहून ठेवतो. "स्वतःच्या पायावर उभे राहण्याचा अभिमान हासुद्धा देहाभिमानच," असे वाक्य माझ्या मनात आले आणि ते मला फार आवडले. वाक्य खोटे नाही. पण हे कुणाला सांगायचे? ज्याचे पाय शाबूत आहेत त्याला. जिचे पाय रोज थोडे थोडे जात आहेत तिला "देहाभिमान सोड" म्हणणे म्हणजे पडलेल्यावर पोथी फेकणे होय. उपदेशाला अधिकारी पाहावा लागतो, आणि बहुतेक उपदेशाचा पहिला अधिकारी उपदेश करणाराच असतो.

कर्माचेही तसेच. त्या मुलीला गावातल्या दोन जाणत्या माणसांनी सांगितले, की मागल्या जन्मीचे काही असेल. कर्मसिद्धांत मी मानतो, त्यावर प्रवचने केली आहेत. पण तो आपल्यापुरता आहे. माझ्या गुडघ्याचे दुखणे मी माझे प्रारब्ध म्हणून सोसावे, ते मला धीर देते. दुसऱ्याच्या दुखण्याला त्याचे प्रारब्ध म्हणून मी बाजूला झालो, की तो सिद्धांत राहत नाही, माझ्या आळसाचे पांघरूण होतो. तहानलेला दारात आला तर त्याची तहान प्रारब्धाची आहे का हे आपण विचारत नाही, तांब्या पुढे करतो.

आता कूर्मदास. त्या भेटीनंतर मी त्याची कथा पुन्हा मनाशी लावून पाहिली. मी तिचा सगळा जोर सरपटण्यावर देत होतो. पोट कसे सोलवटले, काटे कसे रुतले. पण ज्याला हात नाहीत त्याच्या तोंडात घास कुणी घातला? पाणी कुणी पाजले? पैठणपासून इतकी वाट, इतके दिवस, कुणी तरी रोज घातला असणार. त्या माणसांना मी चाळीस वर्षांत एकदाही कीर्तनात उभे केले नाही. दुसरे असे, की कूर्मदास पंढरीला पोचला नाही. माढ्याजवळ लऊळला आला आणि एकादशी गाठणे होईना. तेव्हा त्याने काय केले? पुढे जाणाऱ्या वारकऱ्यांजवळ देवाला निरोप दिला. म्हणजे त्याने आधार मागितला, दुसऱ्याच्या पायांचा. वारकऱ्यांनी तो निरोप नेला. आणि देव उठून लऊळला आला.

कथा ही अशी आहे. "निश्चय असेल तर काठी लागत नाही" हे तिच्यात कुठेही नाही. ते माझे होते. कथेत आहे ते एवढेच, की जो येऊ शकत नाही त्याच्याकडे जावे लागते आणि खुद्द देवही गेला. लऊळला कूर्मदासाचे मंदिर आहे. तिथे जाऊन मी क्षमा मागून आलो. पण नुसत्या क्षमेने भागण्यासारखे नव्हते, कारण ज्या पायरीवर ती मुलगी पडली ती पायरी तशीच होती.

त्या देवळाला तीन पायऱ्या आहेत. आम्ही चौघांनी उताराची गोष्ट विश्वस्तांपुढे काढली. कुणाची हरकत नव्हती. गवंड्याने दोन दिवसांत उतार केला. मोटारसायकल चढवायला करतात तसा, उभा. तोवर तिला बाहेर जाताना खुर्ची लागू लागली होती. तिने एकदा प्रयत्न केला, खुर्ची मागे कलंडू लागली, दोघांनी धरली. मग चौकशी केली तेव्हा कळले की एक फूट चढायला बारा फूट लांब उतार लागतो. आमच्या तीन पायऱ्या मिळून दीड फूट, म्हणजे अठरा फूट उतार. इतकी जागा सरळ नव्हती, म्हणून मध्ये सपाट जागा ठेवून तो वळवून घेतला आणि कडेला कठडा केला. पहिला उतार फोडावा लागला, सिमेंट वाया गेले. पुण्य करताना मापे घ्यावी लागतात, हे त्या दिवशी आम्ही शिकलो.

खरा वाद पुढे झाला. एका वयोवृद्ध वारकऱ्यांनी, ज्यांना मी गुरुस्थानी मानतो, विचारले, "चपला आपण बाहेर काढतो. रस्त्यावरची चाके सभामंडपात कशी न्यायची?" प्रश्न अश्रद्धेचा नव्हता, पावित्र्याचा होता. मी म्हणालो, "आबा, चप्पल काढली तर पाय राहतो. तिची खुर्ची काढली तर काय राहते? मग ती चप्पल म्हणायची की पाय?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पाय म्हणू. पण पाय आपण धुऊन आत येतो." तेव्हापासून दाराशी पाण्याची बादली आणि फडके असते. जो कुणी दारात असेल तो चाके पुसतो. पहिल्या दिवशी आबांनीच पुसली. आपल्या संप्रदायात एकमेकांच्या पाया पडण्याची रीत आहे. तिला वाकता येत नाही, याचे तिला फार वाईट वाटे. त्या दिवशी आबा चाके पुसून तिच्या पायांवर डोके टेकून उठले, आणि ती रडली.

कायद्याचेही एक सांगतो, कारण पुष्कळांना ठाऊक नसते. 1995 च्या अपंगांच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यांत या विकाराचे नाव नव्हते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकार झाले आणि त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिसचे नाव स्पष्ट आहे. आपल्या गावात असे कुणी असेल तर त्याला प्रमाणपत्र काढायला सोबत जा. एकट्याने रांगेत उभे राहणे हेच त्याला सर्वांत अवघड असते.

हा लेख छापायला देण्याआधी मी तो तिला वाचून दाखवला. तिने दोन वाक्ये खोडायला लावली. त्यांत मी तिची तुलना कूर्मदासाशी केली होती. म्हणाली, "काका, मला कूर्मदास करू नका. मला दहाच्या ठोक्याला शाळेत पोचायचंय, एवढंच." मी म्हणालो, "लोकांना तुझ्यापासून काही घेता यावे म्हणून लिहिले होते." ती म्हणाली, "माझ्यापासून घेऊ नका. आबांपासून घ्या. बादली ठेवा."

तिचे म्हणणे बरोबर होते. मी पुन्हा तेच करत होतो. आधी तिच्यासारख्यांना निमित्त सांगणारे म्हणालो, आता दृष्टांत करत होतो. दोन्ही वेळा ती बोलत नव्हती, मीच बोलत होतो.

तिचा रोग बरा झालेला नाही. मागल्या पावसाळ्यात एक झटका येऊन गेला आणि उजवा हातही थोडा मंद झाला. काही दिवस काठी, काही दिवस खुर्ची असे चालले आहे. उद्या काय हे तिला माहीत नाही. म्हणून आधार घेतल्याने सगळे गोड होते असे मी लिहिणार नाही. आधार घेऊनही दुःख उरते. पण जे दुःख आपण आपल्या बोलण्याने आणि आपल्या पायऱ्यांनी वर ठेवतो, ते तरी उचलून घेता येते.

माझ्या कीर्तनकार बंधुभगिनींना एवढीच विनंती, की कूर्मदासाची कथा सांगा, अवश्य सांगा, पण ती लऊळपर्यंत न्या. देव आला तिथपर्यंत न्या. आणि सांगताना एकदा मंडपात नजर फिरवा. कुणी खांबाला टेकून बसले असेल तर ते का टेकले आहे हे आपल्याला ठाऊक नाही, एवढे ध्यानात ठेवा.

माझे पाय आता कीर्तनाला उभे राहत नाहीत. एकादशीला देवळात जातो, काठी योग्य हातात धरून. पायऱ्यांच्या ऐवजी मीही आता उतारावरूनच चढतो. तिच्यासाठी म्हणून केला होता.

रामकृष्णहरी.